गाणारी बारक्याकडे राहिली

मामांचा न्याय म्हणजे एक घाव दोन तुकडे. आईबाबा गेले, त्यांचं घर रिकामं करायची वेळ आली, बहीण-भावात कुरबुर नको म्हणून मामांना बोलावलं, तर ते आले, मधोमध खुर्ची टाकून बसले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्या संसाराचे दोन ढीग लावून मोकळे झाले. कप तीन हिला, तीन त्याला. चादरी तशाच, पातेली तशीच. शेवटी राहिल्या बाबांच्या स्पीकरच्या दोन पेट्या. गुडघ्याएवढ्या उंच, लाकडी, पुढे तपकिरी जाळी. त्या मात्र दोघांनाही हव्या होत्या, आणि दोघांनीही तसं एकाच वेळी सांगितलं. मामांनी क्षणभरसुद्धा विचार केला नाही.

"दोन आहेत ना? मग अडलंय कुठं? एकेक घ्या."

आता मामांना कोण सांगणार की अहो, जोडी म्हणजे दोन नग नव्हेत! बुटांची जोडी अशी वाटली असती का त्यांनी? पण न्याय करणाऱ्या माणसाला मधे बोललेलं खपत नाही, आणि ती दोघं तर तोवर अशी हमरीतुमरीवर आली होती की अक्कल कुणाची जागेवर असणार? शब्दानं शब्द वाढला. बहीण एक पेटी घेऊन एका दारानं गेली, भाऊ दुसरी खांद्यावर टाकून दुसऱ्या दारानं. तेव्हापासून ना फोन, ना येणं-जाणं. मामा मात्र सगळीकडे सांगत फिरले की वाटणी कशी अगदी गुण्यागोविंदानं झाली.

बहिणीला घरात, शेजारात आणि दुकानातसुद्धा सगळे ताईच म्हणत. तिचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवायच्या आणि उतरवायच्या, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचून घ्यायची. भाऊ तिच्याहून धाकटा. लहानपणी काडी होता म्हणून बारक्या नाव पडलं. पुढे तो दारात वाकून शिरावं लागेल एवढा झाला, तरी नाव काही बदललं नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठल्याही इमारतीत गेला की आधी लिफ्टचा आवाज ऐकायचा आणि मग माणसांकडे बघायचा.

ताईच्या जुन्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे तिच्या वाट्याची पेटी चादरीत गुंडाळून पलंगाखाली पडून राहिली. मग नवा फ्लॅट झाला. खोल्या दोनच, पण बाहेरच्या खोलीला एक लांबलचक, खिडकी नसलेली, कोरी भिंत. ती भिंत बघून तिचा नवरा म्हणाला, "इथं कपाट." ताई म्हणाली, "इथं गाणं." नवऱ्याला गाणं आणि मिक्सर यांच्यात फारसा फरक कळायचा नाही, पण माणूस मोठा समजूतदार. त्यानं कपाट निमूटपणे आतल्या खोलीत ढकललं.

बाबांच्या तबकड्या आणि त्या वाजवायचं यंत्र ताईकडेच आलं होतं. त्यावर भांडण नव्हतं, कारण त्याच्या बदल्यात बारक्यानं बाबांची हत्यारांची पेटी घेतली होती. नव्हता तो अँप्लिफायर. बाबांचा जुना कधीच जळला होता. तेव्हा एका साउंडवाल्याला गाठून तिनं एक जुना, पण धडधाकट अँप्लिफायर ठरवला, आणि तो लावून द्यायला साउंडवाला स्वतः घरी आला. बोलका प्राणी. आल्या आल्या त्यानं टाळ्या वाजवून खोली तपासली, मान डोलावली, आणि मग चादर सोडून पेटीकडे बघत उभा राहिला.

"झकास आहे हो! आणि दुसरी?"

"दुसरी भावाकडे."

"मग मागवून घ्या. तोवर मी वायरी ओढतो."

"मागवता येणार नाही."

"का? लांब राहतो?"

"चार स्टॉप. वाटणीत गेलीय ती."

साउंडवाला आधी हसला. मग ही बाई थट्टा करत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं आणि तो पेटीशेजारीच जमिनीवर बसला. "अहो, आयुष्य गेलं माझं या धंद्यात. मी जळलेले स्पीकर बघितले, उंदरानं कुरतडलेले बघितले. वाटणी झालेला आज बघतोय." मग त्याला धंदा आठवला. ही एकटी काढून टाका, माझ्याकडे नवी जोडी आहे, सोबत एक बुटका ठोकळा येतो, तो सोफ्याखाली सरकवला की घराचं थिएटर होतं, खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला वर येतात असा आवाज. ताई म्हणाली, "भांडायला माणसं आहेत आमच्याकडे. तुम्ही ही जोडा."

त्यानं जोडली. ताईनं तबकडी काढली, बाबांच्या आवडीची, कडेला चुरगळलेल्या वेष्टनातली. सुई टेकवली. खरखर झाली, मग वाद्यं सुरू झाली, अशी स्वच्छ आणि जवळ, की नवरासुद्धा आतून बाहेर आला. सुरुवातीचे सूर झाले. आता गाणारी येणार म्हणून ताईनं श्वास घेतला.

गाणारी आलीच नाही. वाद्यं वाजत होती, मधेच थांबत होती, कुणाला तरी जागा करून देत होती, आणि त्या जागेत कुणीच नव्हतं. कडव्यामागून कडवी गेली.

"हे काय?" ताई म्हणाली.

"जुनी रेकॉर्डिंगं अशीच असतात," साउंडवाला म्हणाला. "एका पेटीत गाणारी, दुसरीत वाजवणारे. थांबा." त्यानं मागची वायर काढून शेजारच्या खोबणीत घातली. लगेच गाणारी आली, एकटीच, साथीशिवाय. "बघा, जादू! बोला, गाणारी ठेवू की वाजवणारे? दोघांपैकी एक मिळेल." त्यानं वायर परत पहिल्या खोबणीत घातली.

नवऱ्याला हे फारच आवडलं. "म्हणजे मामांनी हिला बँड दिला आणि बारक्याला बाई!"

ताईसुद्धा हसली. पण हसता हसता तिच्या आत काहीतरी टुणकन उभं राहिलं. बाबांच्या घरी बारक्याच्या वाट्याची पेटी कायम गाणारीच्या बाजूला असायची, डावीकडे. म्हणजे नवरा बोलला ते खोटं नव्हतं. आणि म्हणजे बारक्याला फोन करायला आता कारण होतं!

तुम्हाला वाटेल, भावाला फोन करायला कारण कशाला लागतं? लागतं. भांडण होऊन आठवडा झाला की नुसतं "काय रे" म्हणता येतं. महिने उलटले की तोंड उघडायला काहीतरी निमित्त लागतं, आणि वर्ष उलटलं की ते निमित्त चांगलं भक्कम लागतं, नाहीतर पहिल्यांदा वाकलं कोण याचा हिशेब होतो. ताईनं इतके दिवस असली निमित्तं शोधून पाहिली होती. सगळी लंगडी. आणि आता हे आयतं चालून आलं होतं. "बारक्या, गाणारी तुझ्याकडे राहिलीय." बस्स! यात माफी नाही, रडगाणं नाही, तुझं-माझं नाही. गाणारी खरंच राहिली होती, त्याला कोण काय करणार? ती चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली आणि ते वाक्य तिनं चार तऱ्हांनी म्हणून पाहिलं. एकदा जरा कडक, एकदा हसत. हसत म्हटलेलं बरं वाटलं.

चहा गाळत होती, तेवढ्यात बाहेरून गाणं आलं. अख्खं. गाणारीही, वाजवणारेही.

ती गाळणं हातात धरूनच बाहेर धावली. साउंडवाला विजयी मुद्रेनं अँप्लिफायरवरच्या एका छोट्या बटणाकडे बोट दाखवत होता. "मोनो! विसरलोच होतो मी. हे दाबलं की दोन्हीकडचं सगळं एका पेटीतून. झालं तुमचं काम. आता भावाची काही गरज नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं ते दाबायला?" ताई एवढ्या जोरात म्हणाली की त्या माणसानं बोट मागे घेतलं.

बिचारा! त्यानं घोडं अडलं होतं ते हलवलं आणि वर लाथ खाल्ली. चहाही त्यानं उभ्यानंच प्यायला. जाताना वायरीचं उरलेलं भेंडोळं विसरून गेला.

तो गेल्यावर ताई भिंतीसमोर बसून राहिली. गाणं चालूच होतं. कशाचीच कमतरता नव्हती, तरी काहीतरी चपटं होतं. तिच्या दुकानात एक म्हातारे येत, एका डोळ्याची दृष्टी गेलेले. ते म्हणायचे, सगळं दिसतं हो बाई, फक्त चहा ओतला की तो कपाच्या बाहेर पडतो. तसंच होतं हे. गाणारी होती, पण ती वाजवणाऱ्यांच्या अंगावर उभी होती. मधे हवा नव्हती. पण हे बारक्याला फोनवर काय सांगणार? मधे हवा नाही म्हणून?

आणि खरी गोम वेगळीच होती. त्या दिवशी भांडणात ती एक शब्द बोलून बसली होती. बारक्या म्हणाला होता, तुझ्या घरी पेटी गेली तर तिच्यावर कपड्यांचा ढीग पडेल. त्याचं तिला काही वाटलं नव्हतं, कारण ते खरंच होतं. पण ती उलट म्हणाली होती, "आणि तू? तू तर विकून खाशील!" लहानपणी त्यानं तिच्या सायकलची घंटी मित्राला विकून आइस्क्रीम खाल्लं होतं, तेव्हापासूनचं घरातलं ते नेहमीचं वाक्य. एरवी त्यावर सगळे हसायचे, बारक्या सगळ्यांत आधी. त्या दिवशी मामांसमोर, शेजाऱ्यांसमोर, बाबांच्या रिकाम्या घरात कुणी हसलं नाही. बारक्यानं पेटी उचलली आणि तो गेला. त्याचा चेहरा कसा झाला होता ते ताईला अजून दिसायचं.

नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला, "बटण पुन्हा सोड आणि कर फोन. त्याला काय कळतंय?"

तिनं खरंच बटण सोडलं. गाणारी गेली. मग तिनं फोन लावला. रिंग वाजत राहिली, तेवढ्यात तिनं ते वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून घेतलं.

"हॅलो."

"मी बोलतेय."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. "हं. बोल."

"बारक्या, गाणारी तुझ्याकडे राहिलीय." हसत म्हणायचं होतं. शेवटी शाळेत उत्तर द्यावं तसं झालं.

"काय?"

तिनं फोन पेटीसमोर धरला. वाद्यं वाजत होती आणि थांबत होती. तिनं फोन परत कानाला लावला. मग बारक्याचा आवाज आला, लिफ्टच्या मशीनशी बोलताना असायचा तोच.

"एकच पेटी लावलीस ना? मग तसंच होणार. मोनोचं बटण असेल बघ त्याला. समोरच असतं. दाब."

ताईनं डोळे मिटले. आख्ख्या जगाला त्या बटणाची माहिती होती. आता खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. बटण नाहीये म्हणायचं, बिघडलंय म्हणायचं. पण बारक्याशी यंत्राबद्दल खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं.

"आहे बटण," ती म्हणाली. "दाबलं होतं मघाशी. सगळं येतं."

"सगळं येतं?"

"सगळं."

"मग फोन कशाला केलास?"

नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली केलं.

"घर झालंय नवं," ताई म्हणाली. "तू बघितलं नाहीस. मला ते बरं वाटत नाही. किती दिवस झाले रे? ये ना."

तबकडीची ती बाजू संपली आणि सुई नुसती खरखरत राहिली.

"रविवारी बघतो," बारक्या म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

रविवार येईपर्यंत ताईला दम नव्हता. तिनं सुताराकडून छोटं स्टँड करून आणलं, आहे त्या पेटीखाली होतं तेवढ्याच उंचीचं. दुकानातली मोजपट्टी आणून भिंतीवर डावीकडे जागा मोजली, दोन्ही बाजू सारख्या आहेत ना ते पुन्हा पुन्हा तपासलं, साउंडवाला विसरून गेलेली वायर तिथपर्यंत ओढून खिळ्यांनी पक्की केली. सोफा पुढे घेतला, मागे घेतला. नवरा दारात उभा राहून हे सगळं बघत होता.

"जेवायला काय करणार आहेस त्याला?"

"बघू की."

"नाही, म्हटलं, भावाला बसवणार कुठं आहेस? स्टँडवर?"

ताई त्याच्यावर फणकारली. पण तो गेल्यावर तिनं त्या रिकाम्या स्टँडकडे पाहिलं आणि तिला जरा चोरट्यासारखं झालं. मग तिनं बाजारात जाऊन बारक्याला आवडणारं ते सगळं आणलं. स्टँड मात्र हलवलं नाही.

रविवारी सकाळी उशिरा बेल वाजली. ताईनं दार उघडलं. समोर बारक्या, धुतलेल्या शर्टात, केस मागे वळवलेले, दाढी केलेला. कानाजवळ केस पांढरे झाले होते, ते तिच्यासाठी नवीन होतं. दोन्ही हात रिकामे. ताईची नजर त्याच्या हातांवर गेली, मग त्याच्या मागे, लिफ्टच्या दारापर्यंत.

"पेटी खालीच ठेवलीस का?" ती म्हणाली आणि तिनं आत नवऱ्याला हाक मारली. "अहो, जरा खाली जा ना, दोघं मिळून आणा."

इतक्या दिवसांनी भावाला बघून तिच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे. निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, पण तोवर ते बारक्यापर्यंत पोचलं होतं. तो उंबऱ्याबाहेर होता, तिथंच राहिला. त्यानं ताईच्या खांद्यावरून आत पाहिलं. उजवीकडे पेटी. डावीकडे रिकामं स्टँड, भिंतीलगत नीट ठोकलेली वायर.

"पेटी नाही, ताई," तो म्हणाला. "विकली मी."

"विकलीस?"

"तू म्हणाली होतीस ना, विकून खाशील? खाल्ली. गंमत नाही करत, खरंच खाल्ली. कंपनी बंद पडली, कित्येक महिने हाताला काम नव्हतं. आधी टीव्ही गेला. मग ती. पीठ आणलं, तेल आणलं, पोरीला दूध आणलं. आता आहे काम. तेव्हा नव्हतं."

खोटं कशाला सांगू, ताईला आधी रागच आला. बाबांची पेटी! बाबा रोज फडक्यानं पुसायचे ती! तिचं तोंड उघडलंसुद्धा.

मागून नवऱ्यानं विचारलं, "एकटी पेटी घेतली कुणी रे?" त्याला खरोखरच कुतूहल होतं.

"भंगारवाल्यानं. गाडीवर बसवलीय. जुने टीव्ही, जुने फ्रिज म्हणून ओरडत फिरते आता." बारक्या हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. "आमच्या गल्लीतून जाते कधी कधी. मी खिडकी लावून घेतो."

"अरे, मग मला का नाही सांगितलंस?" ताई म्हणाली, आणि वाक्य पुरं व्हायच्या आतच तिला उत्तर समजलं. कसा सांगणार होता? ज्याला चारचौघांत 'विकून खाशील' म्हणून ठेवलं, तो विकायची वेळ आल्यावर त्याच दारात येईल होय? ती इकडे निमित्त शोधत बसली होती, आणि चार स्टॉपवर तिचा भाऊ पोरीच्या दुधासाठी घरातली एकेक वस्तू बाहेर काढत होता. तिच्या एका शब्दानं त्याला या घरचं दार बंद झालं होतं. तिनं चौकट धरली.

बारक्या बोलत होता. "फोनवर सांगणार होतो. तू गाणारीचं बोललीस आणि मला धीर झाला नाही. म्हटलं, तोंडावर सांगावं. सांगितलं. आता तू सांग. आत येऊ, की इथूनच जाऊ? तू मला बोलावलं होतंस, की पेटीला?"

लिफ्ट कुठल्यातरी मजल्यावर थांबली, दार वाजलं. बारक्याचं लक्ष तिकडे गेलं नाही.

"पेटीची वाट बघत होते," ताई म्हणाली. "खोटं नाही बोलणार. ते स्टँड बघतोयस ना, मीच करून आणलं." ती दारातून बाजूला झाली. "पण बारक्या, माझं ऐक. पेटीलाच बोलवायचं असतं ना, तर बटण दाबून सगळं ऐकू आल्यावर मी फोन कशाला केला असता?"

बारक्या चौकटीला टेकून खाली वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.